पाटणचा शिलालेख भाऊ दाजींना दाखवला कोणी? सोसायटीच्या दप्तरात कुठून शिरायचं

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही चाळीसगाव तालुक्यात गणित शिकवता, दरवर्षी मुलांना पाटणादेवीला नेता, आणि तिथल्या पाटण गावच्या शिलालेखाचा, म्हणजे भास्कराचार्यांच्या नातवाने काढलेल्या मठाच्या लेखाचा, विषय निघाला की एखादी मुलगी विचारतेच, "बाई, हा आधी कोणाला दिसला?" पुस्तकं एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईच्या डॉक्टर-संशोधकाचं, डॉ. भाऊ दाजींचं, नाव सांगतात. तुम्हाला वाटतं की त्यांना तो दाखवणारं गावातलं कोणीतरी असणारच, त्याचं नाव मिळायला हवं. म्हणून तुम्ही एका जुन्या विद्वत्संस्थेला ईमेल करून "खानदेश किंवा पाटण याविषयी आपल्या दप्तरात काय आहे?" असं विचारलंत आणि "या नावाची नोंद आढळत नाही" असं एका ओळीचं उत्तर आलं. आता तुम्ही विचारताय की कागद खरंच नाहीत, की शोधायची रीत वेगळी असते?

रीत वेगळी असते. मी धुळ्याचा. पस्तीस वर्षं जुनी दप्तरं लावणं, त्यांच्या याद्या करणं आणि शोधायला येणाऱ्यांना वाट दाखवणं हेच काम केलं. तुमच्यासारखं एका ओळीचं उत्तर घेऊन आलेली माणसं मी खूप पाहिली. त्यातल्या बऱ्याच जणांचा कागद पुढे सापडला, कारण कागद तिथंच होता, फक्त तो दुसऱ्याच नावाखाली बसला होता.

मुख्य गोष्ट आधी सांगतो. अशा संस्थेचं दप्तर विषयवार लागलेलं नसतं, ते कामवार लागलेलं असतं. सभा झाली की इतिवृत्ताच्या वहीत नोंद होते. पत्र आलं की आवक, गेलं की जावक. कोणी पोथी, नाणं, ठसा (लेखावर कागद दाबून घेतलेली छाप) दिला की देणगीच्या नोंदवहीत ओळ पडते. पैसे गेले की व्हाउचर. यातल्या कुठल्याही वहीच्या पाठीवर 'खानदेश' लिहिलेलं नसतं. चिटणीसाने ती वही खानदेशासाठी उघडलेलीच नव्हती, त्याला त्या दिवशीचं काम उरकायचं होतं. म्हणून "पाटणविषयी काय आहे?" असं विचारलं की यादी पाहणारा माणूस प्रामाणिकपणे "काही नाही" म्हणतो. "अमुक साली अमुक गृहस्थांचा निबंध तुमच्याकडे आला, त्या वर्षाची आवक वही आणि कार्यकारी समितीचं इतिवृत्त पाहता येईल का?" असं विचारलं की तोच माणूस उठून कपाट उघडतो.

आता हे तुमच्या शिलालेखाला लावून पाहू.

भाऊ दाजींनी हा लेख पाटणवरचा निबंध म्हणून छापलाच नाही. त्यांचा निबंध आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त, भट्टोत्पल आणि भास्कराचार्य यांच्या ग्रंथांचा काळ आणि अस्सलपणा यांवर होता. त्यात भास्कराचार्यांचा काळ पक्का करणारा पुरावा म्हणून पाटणचा लेख आला. निबंधाच्या नावात खानदेश नाही, पाटण नाही, शिलालेख हा शब्दही नाही. ज्याने सूची केली त्याने तो 'ज्योतिष' या सदरात टाकला असेल तर त्यात त्याची चूक काय?

शिवाय तो छापला गेला लंडनला. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या जर्नलची नवी मालिका सुरू झाली, तिच्या पहिल्या खंडात, १८६५ साली. इथे आपल्याकडे नेहमी घोळ होतो. 'एशियाटिक' म्हटलं की डोळ्यांसमोर मुंबईचा टाऊन हॉल येतो. पण मुंबईची संस्था आणि लंडनची संस्था या दोन वेगळ्या संस्था आहेत आणि त्यांची दप्तरंही वेगळी आहेत. मुंबईची आधी जन्मली. सर जेम्स मॅकिन्टॉश यांनी १८०४ साली स्थापलेली लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे ती हीच. लंडनची रॉयल एशियाटिक सोसायटी १८२३ ची. पुढे १८३० मध्ये मुंबईची संस्था तिची शाखा झाली, १९५५ मध्ये एशियाटिक सोसायटी ऑफ बॉम्बे आणि २००२ मध्ये एशियाटिक सोसायटी ऑफ मुंबई. नाव बदललं की सूचीतलं सदरही बदलतं. त्यामुळे १८६५ च्या आगेमागे शोधताना आजचं नाव टाकून भागत नाही, 'बॉम्बे ब्रँच' असंच शोधावं लागतं.

भाऊ दाजी राहत मुंबईला. मुंबई शाखेतही ते सतत वाचत आणि छापत. अजिंठ्याच्या शिलालेखांवरचा त्यांचा निबंध मुंबई शाखेच्या जर्नलच्या सातव्या खंडात आहे. म्हणजे एकाच डोंगररांगेतलं अजिंठ्याचं काम मुंबईच्या जर्नलमध्ये गेलं आणि पाटणचं लंडनच्या. तुमचा धागा त्यामुळे दोन ठिकाणी फाटतो. निबंध छापण्यासंबंधीची पत्रं, तो स्वीकारल्याचा ठराव, आभाराचं पत्र हे सगळं लंडनच्या कामकाजाचा भाग. प्रवास, ठसा, पोथ्यांची जमवाजमव हे इकडचं काम. त्याचे कागद मुंबई शाखेत किंवा भाऊ दाजींच्या खासगी पत्रव्यवहारात शोधावे लागतील.

तिसरा धागाही आहे. जर्मन संस्कृत पंडित एफ. कीलहॉर्न यांनी हा लेख पुन्हा नीट वाचून 'एपिग्राफिया इंडिका' या शिलालेखांच्या मालिकेच्या पहिल्या खंडात १८९२ साली संपादित केला. ते प्रकाशन सरकारी पुरातत्त्व खात्याचं. म्हणजे त्यासाठी घेतलेल्या ठशाचे कागद कुठल्याही सोसायटीकडे न जाता सरकारी दप्तरात पडणार. तुमच्या मनात 'मूळ ठसा' असा एकच कागद आहे, पण ठसा एकापेक्षा जास्त वेळा घेतला गेला असेल. तुम्हाला पहिला हवाय. तेव्हा १८६५ च्या आधीची वर्षं आणि १८९२ च्या आसपासची वर्षं यांची सरमिसळ करू नका.

एक सुचवतो. शोध सुरू करण्याआधी लेखाचा मजकूर स्वतः बारकाईने वाचा. शके ११२८, म्हणजे इ. स. १२०७. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, जो यादव राजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होता, त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिलं. वरचा मोठा भाग संस्कृत आहे आणि शेवटच्या ओळी जुन्या मराठीत आहेत. गावात कोणत्या मालावर काय घ्यायचं, चालणाऱ्या दर घाण्यामागे पळीभर तेल मठाला द्यायचं, असा तो व्यवहार आहे. गणित शिकवणाऱ्या बाईंना हे सांगायची गरज नाही, पण मुलांना जरूर सांगा की भास्कराचार्यांचा सिद्धान्तशिरोमणी शिकवणाऱ्या शाळेचा खर्च पाटणच्या तेल्यांच्या घाण्यावरही चालत होता. दप्तर शोधण्यासाठीही हा मजकूर कामाचा आहे. जुन्या पत्रात 'पाटण' लिहिलेलं नसेल, पण 'भास्कराचार्यांच्या नातवाचा लेख' किंवा 'निकुंभांचा लेख' असा उल्लेख असू शकतो. सूची पाहणाऱ्याला ही सगळी नावं द्या.

आता नावांचं. माझ्या अनुभवात निम्मे शोध इथेच बुडतात. खानदेश गॅझेटियरात, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथात, १८८० च्या बाराव्या खंडात, पाटणचं रोमन स्पेलिंग बिहारच्या पाटण्यासारखंच आहे. संगणकावर ते टाकलंत की बिहारचा पूर येईल. दुसरं स्पेलिंग टाकलंत तर गुजरातचं पाटण आणि साताऱ्याचं पाटण. म्हणून गावाचं नाव कधीच एकटं टाकू नका, जोडीला चाळीसगाव, निकुंभ किंवा भास्कर घ्या. खानदेशाचं स्पेलिंग एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या कागदांत 'के'ऐवजी 'सी'नेही सुरू होतं. धुळ्याला 'धुलिया' म्हणत. आणि तेव्हा 'जळगाव जिल्हा' नव्हता. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. त्याआधी अख्ख्या खानदेशाचा कलेक्टर धुळ्याला बसे आणि चाळीसगावचा कागद धुळ्याला येई. १८६० च्या कामासाठी कोणी तुम्हाला 'पूर्व खानदेश' या सदरात पाठवलं तर नम्रपणे नाही म्हणा. व्यक्तीच्या नावाचंही तसंच. भाऊ दाजींचं आडनाव लाड, पण त्या काळच्या सूचीत ते 'भाऊ' किंवा 'दाजी' खाली असतात. 'लाड' शोधलंत तर रिकाम्या हाताने परत याल.

दप्तरात काय कुठे सापडतं, याबद्दल आता जरा सविस्तर बोलतो, कारण तुमचा माणूस इथेच मिळेल किंवा निसटेल.

छापील जर्नलपासून सुरुवात करा. मुंबई शाखेच्या जर्नलच्या जुन्या खंडांत मागे सभांच्या कामकाजाचा गोषवारा आणि ग्रंथालय-संग्रहालयाला आलेल्या देणग्यांची यादी छापलेली असते. ती पानं कोणी वाचत नाही. बांधणी करताना काही ठिकाणी ती काढूनही टाकलेली मी पाहिली आहेत, म्हणून एका प्रतीत नसली तर दुसरी प्रत पाहा. बरेचसे खंड आता घरबसल्या संगणकावर वाचता येतात. मुंबईच्या सोसायटीचा 'ग्रंथ संजीवनी' हा डिजिटल संग्रहही आहे. १८६० ते १८६५ या काळातला प्रत्येक गोषवारा वाचून भाऊ दाजी कोणत्या सभेला होते, कोणत्या तारखेला काय दाखवलं, याची एक तारीखवार यादी करा. तारीख हीच किल्ली. ती हातात आली की हस्तलिखित वह्यांत शिरता येतं.

हस्तलिखित इतिवृत्तं दोन प्रकारची असतात. सर्वसाधारण सभेची आणि कार्यकारी समितीची. सर्वसाधारण सभेच्या वहीत निबंध वाचला, चर्चा झाली, आभार मानले असं गोड गोड असतं. समितीच्या वहीत पैसे मागितले, नाकारले, ठसा खराब आला, पुन्हा माणूस पाठवा, हे असतं. मला विचाराल तर आधी समितीची वही मागा.

पत्रव्यवहारात आलेली पत्रं गठ्ठ्यांत असतात. गेलेल्या पत्रांच्या नकला पातळ कागदाच्या वहीत असतात, आणि त्या वहीच्या सुरुवातीला बहुधा पत्र ज्याला गेलं त्याच्या नावाची अनुक्रमणी असते. ती आधी पाहा. पानं उलटताना फार जपा, ती कांद्याच्या सालीसारखी असतात.

आणि मग हिशेब. हे मी ठासून सांगतो, कारण संशोधक हिशेबाकडे वळतच नाहीत. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका संस्थेच्या दप्तराचं काम माझ्याकडे होतं. डोंगरातल्या एका लेण्याचा अहवाल तिथे होता, सुबक अक्षरात, खाली एका साहेबाची सही. लेणं 'सापडलं' असं त्यात लिहिलेलं. कोणी दाखवलं त्याबद्दल अक्षर नाही. त्याच वर्षाच्या व्हाउचरांच्या पुडक्यात, दोऱ्यात ओवलेल्या चिठ्ठ्यांत, एक चिठ्ठी मिळाली. मोडीत होती. दोन भिल्ल, दोन दिवस, वाट दाखवणे व झाडी तोडणे, आणि पुढे आणे. नावं त्यातही नव्हती. पण लेणं कोणाला माहीत होतं हे त्या चिठ्ठीने सांगितलं, अहवालाने नाही. मी ती चिठ्ठी हातात घेऊन बराच वेळ बसून राहिलो होतो. ताई, तुमचा माणूस मिळालाच तर तो अशाच चिठ्ठीत मिळेल. कदाचित नावानिशी, कदाचित जातीच्या किंवा कामाच्या उल्लेखापुरता. पाटण भिल्लांच्या डोंगराखालचं गाव आहे, देवळाचे पुजारी आहेत, गावचा पाटील-कुलकर्णी आहे. यापैकी कोणीही असू शकेल, तेव्हा मनात आधीच एक नाव धरून जाऊ नका.

आणखी एक शक्यता ध्यानात ठेवा. भाऊ दाजींसाठी ठसे घेणारी, नकला करणारी माणसं होती. जुनागढहून आलेले भगवानलाल इंद्रजी १८६१ पासून त्यांच्याकडे काम करत आणि पुढे स्वतः मोठे पुरालेखज्ञ झाले. म्हणजे निबंधाखालची सही एकाची आणि दगडासमोर बसलेला माणूस दुसरा, असं त्या काळात सर्रास होई. पाटणला स्वतः कोण गेलं होतं हे आधी ठरवा. निबंधात 'मी पाहिलं' आहे की 'मला नक्कल मिळाली' आहे, ते वाक्य शोधून काढा. त्या एका क्रियापदावर पुढचा सगळा शोध अवलंबून आहे. स्वतः गेले असतील तर ऋतू आणि रस्ता यांचाही विचार करा. थळ घाटातून रेल्वे १८६५ साली सुरू झाली. त्याआधी मुंबईहून खानदेशात उतरणाऱ्याला घाट गाडीरस्त्यानेच चढावा लागे. वाटेत मुक्काम, मामलेदाराला पत्र, बैलगाड्या, बरोबर माणसं, हे सगळं आलं. जितकी सोय लागली तितके कागद झाले.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी. तुम्हाला शाळेत फलक लावायचा आणि मुलांना चार गोष्टी सांगायच्या असतील तर छापील निबंध आणि कीलहॉर्न यांचं वाचन एवढं पुरे, ते महिनाभरात होईल. गावातला माणूस शोधायचा असेल तर दोन-तीन वर्षं धरा, आणि सुट्टीतच जाता येणार असेल तर त्याहून जास्त. इंग्रजी हस्ताक्षर वाचायची सवय आठवडाभरात होते, मोडीला वेळ लागतो. धुळ्यात, जळगावात मोडी शिकवणारी माणसं आहेत. शिकून घ्या, भाड्याने वाचून घेण्यापेक्षा ते बरं. काही वेळा वही असते पण नेमकी हवी ती वर्षं वाळवीने खाल्लेली असतात किंवा चिटणीसाने घरी नेलेली पत्रं कधी परतच आलेली नसतात. तसं निघालं तर तो शोध तिथे थांबतो, आणि त्यात तुमची कमतरता काही नाही.

मात्र सोसायटीची बाजू बंद झाली म्हणून गावाची बाजू बंद होत नाही. देवळाच्या इनामाचे कागद, कलेक्टर कचेरीचं रेकॉर्ड, पुजाऱ्यांच्या घरचे रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे), हे वेगळं दप्तर आहे. धुळ्याला इतिहासाचार्य राजवाडे संशोधन मंडळ आहे. ३१ डिसेंबर १९२६ ला राजवाडे धुळ्यातच गेले आणि पुढच्याच वर्षी मंडळ उभं राहिलं. खानदेशातली घरोघरची कागदपत्रं पाहायची सुरुवात तिथून करावी असं मी सगळ्यांना सांगतो. तुम्हाला मुंबईपेक्षा ते जवळही पडेल.

माझी एक चूकही सांगतो, म्हणजे तुम्ही ती करणार नाही. तरुणपणी एका संस्थेचे गठ्ठे मी मोठ्या उत्साहाने विषयवार लावले. ताम्रपटांचे एकीकडे, नाण्यांचे दुसरीकडे. दिसायला फार छान झालं. पण ताम्रपटाच्या पत्राबरोबर त्याच दोऱ्यात पावती होती, पोचपत्र होतं, लिफाफा होता. मी ते वेगळे केले आणि तो ताम्रपट कुणाच्या घरून आला हे कळायचा एकमेव दुवा तुटला. तो पुन्हा जोडायला मला दोन वर्षं लागली, तीही जावक वहीतला क्रमांक शाबूत होता म्हणून. तुमच्या हातात गठ्ठा आला तर कागद ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने पाहा आणि तसेच ठेवा. फोटो काढू दिले तर आधी गठ्ठ्याच्या वरच्या चिठ्ठीचा फोटो, मग कागदाची पुढची आणि मागची बाजू. पाठीवर आवक क्रमांक आणि तारीख असते, आणि बहुतेक जण तीच बाजू सोडतात. पेन नको, शिसपेन न्या.

पुन्हा ईमेल कराल तेव्हा थोडक्यात असं लिहा: मी अमुक शाळेत शिक्षिका आहे. डॉ. भाऊ दाजींचा प्राचीन ज्योतिर्विदांवरचा निबंध आपल्या जर्नलच्या नव्या मालिकेच्या पहिल्या खंडात, १८६५ साली, प्रसिद्ध झाला. त्यासंबंधी १८६३ ते १८६५ या काळातील समितीचं इतिवृत्त, आवक पत्रं आणि निबंध स्वीकारल्याच्या नोंदी पाहण्यासाठी उपलब्ध आहेत का? त्या कोणत्या क्रमांकाखाली आहेत? प्रत्यक्ष येता येणार नाही, प्रती मिळण्याची पद्धत आणि शुल्क कळवावं. हे लंडनसाठी. मुंबईसाठी तेच, फक्त निबंधाऐवजी सभांच्या तारखा, देणगी नोंदवही आणि हिशेबाची पुडकी मागा. ठसा वस्तू म्हणून संग्रहात गेला असेल तर तेही विचारा, कारण सोसायटीच्या बऱ्याच प्राचीन वस्तू पुढे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमकडे, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाकडे गेल्या.

येत्या आठवड्यात एवढंच करा. १८६५ चा निबंध मिळवा, पाटणचा उल्लेख असलेलं पान काढा, आणि लेख मिळाला कसा हे सांगणारं वाक्य जसंच्या तसं इथे लिहा. ते वाचून पुढची वही कोणती मागायची हे मी सांगतो. आणि जुनं हस्ताक्षर किंवा मोडी कुठे अडली तर फोटो टाका. रविवारी सकाळी मला वेळ असतो.